डोंगरातून जाणारी गाडी

गोंदियाजवळच्या आमच्या बिरसीचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हल्ली विमानतळ येतो. त्यात चूक काही नाही. 1940 साली इंग्रजांनी युद्धासाठी इथे धावपट्टी बांधली, 2005च्या अखेरीस ती विमानतळ प्राधिकरणाकडे गेली आणि आता शिकाऊ वैमानिक आमच्या धानाच्या बांध्यांवर दिवसभर गिरक्या घालत असतात. पण विमान आम्ही खालूनच पाहिलं. आमच्या घरात प्रवास म्हणजे छोटी गाडी. आई लामत्याची. बालाघाटच्या पुढे, सातपुड्याच्या कुशीतलं ते गाव. राज्याची हद्द नकाशात असेल, सोयरिकीत ती कधीच नव्हती. धान मळून झालं की आई आम्हाला घेऊन माहेरी निघायची.

गोंदियाला दोन रेल्वे होत्या आणि त्यांची जातपात वेगळी होती. मोठ्या लाईनवर हावडा-मुंबईच्या गाड्या धडधडत जायच्या. छोट्या लाईनवर जबलपूरची गाडी उभी असायची, बसक्या डब्यांची, बाकांवर बोचकी आणि बोचक्यांवर पोरं. दोन रुळांत 762 मिलिमीटर अंतर, म्हणजे जुन्या हिशेबात अडीच फूट. मोठ्या लाईनचं 1676 मिलिमीटर, दुपटीहून जास्त. बेंगाल नागपूर रेल्वेने 1903 ते 1905 या काळात गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा मार्ग पुरा केला, नंतर छिंदवाडा, मंडला, नागभीड अशा फांद्या फुटल्या आणि सातपुड्यातलं हे जाळं हजार किलोमीटरच्या आसपास गेलं. डोंगरात रूळ जितका अरुंद तितका वळणाला लवचीक. खोदकाम कमी, भराव कमी, पूल हलके. जिथून मिळून मिळून लाकूड, बांबू, मँगनीज आणि माणसं मिळणार, तिथे कंपनी याहून जास्त पैसा ओतणार नव्हती.

बालाघाट सुटलं की चढण लागायची. गाडी आधी रेंगाळायची, मग धापा टाकायची. पुढचं काळं इंजिन झेडई जातीचं. पुढे दोन लहान चाकं, मधे आठ मोठी, मागे पुन्हा दोन. आठ चाकं जोडलेली असल्यामुळे वजन वाटलं जातं आणि हलक्या रुळावरही ओढ मिळते. ही जात इथे 1928 पासून आली. स्वातंत्र्यानंतरची इंजिनं तर फ्रान्सच्या कोर्पे-लूव्हे, जर्मनीच्या क्राउस-माफाई आणि जपानच्या कावासाकी कारखान्यांतून आली, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर लामत्याच्या पोरांपुढे काय भाव खाल्ला असता! आम्हाला एवढंच ठाऊक होतं की पावसाळ्यात ओल्या रुळावर चाकं जागच्या जागी गरगर फिरतात आणि मग ड्रायव्हर चाकांपुढे वाळू सोडतो. वाळू पडली की इंजिन एकदा हिसका देऊन पुढे सरकायचं आणि डब्यातल्या बायका सुटकेचा श्वास टाकून पुन्हा सुपारी कातरायला लागायच्या. खिडकीत तोंड घातलं की डोळ्यात कोळशाची कणी जायची. आई पदराचं टोक चिमटीत पिळून ती काढायची आणि पुढच्या वळणाला मी पुन्हा खिडकीत.

पुढे वाफ गेली, डिझेल आलं. चित्तरंजनच्या कारखान्यातली झेडडीएम इंजिनं, त्यातली काही सातशे अश्वशक्तीची. झेड म्हणजे अडीच फुटी रूळ, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्हीला चालेल असं. डिझेल आल्यावर पाणी घ्यायला गाडी थांबेना, पण बाकी कारणं शिल्लक होतीच. कुणाची बकरी, कुणाचं आजारी माणूस, समोरून येणारी गाडी. जबलपूरच्या हाऊबागला पोचेपर्यंत अख्खा दिवस जायचा. नोकरीला लागलो तेव्हा मी मोठ्या लाईनचा झालो आणि छोट्या गाडीची आठवण लग्नकार्यापुरती उरली.

मग एकदा मुलांना घेऊन माथेरानला गेलो. नेरळला ती गाडी पाहिली आणि मला वाटलं, ही तर आपल्या गाडीची धाकटी बहीण. रूळ आणखी अरुंद, 610 मिलिमीटर. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी घरच्या पैशातून ही लाईन उभारली आणि 1907 साली गाडी सुरू झाली. वीसेक किलोमीटरचं अंतर, वळणं अशी की शेवटच्या डब्यातून इंजिनाच्या खिडकीत डोकावता यावं. त्यासाठी ओरेनश्टाइन उंट कोप्पेल या जर्मन कंपनीने दिलेल्या इंजिनांत क्लीन-लिंडनर नावाचे पोकळ आस होते. वळणावर कडेची चाकं थोडी बाजूला सरकत आणि रुळाच्या वाकानुसार तिरकी होत. या कामात एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा हात होता. हेच ते गृहस्थ ज्यांनी 1897 साली बार्शी लाईट रेल्वे चालू केली आणि प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन नको, म्हणजे स्वस्त हलक्या रुळावरही माल वाहता येतो, हे करून दाखवलं. बार्शीची लाईन अडीच फुटी, आमच्यासारखी.

माथेरानच्या डब्यात सगळे जण हसत होते, फोटो काढत होते, गाडी हळू चालली म्हणून खूश होत होते. बोचकं एकाकडेही नव्हतं. तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात एक हिशेब सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. दार्जिलिंगची गाडी 1999 साली युनेस्कोच्या यादीत गेली, निलगिरीची 2005 साली, कालका-शिमल्याची 2008 साली. कालका-शिमला आणि आमचा मार्ग तर सख्खे समवयस्क, 1903 साली गाडी सुरू झालेले, रूळही त्याच मापाचा. मग एक जागतिक वारसा आणि दुसरी भंगार, असं का? मला सापडलेलं उत्तर साधं आहे. डोंगरावर जाणारी गाडी वाचली, डोंगरातून जाणारी गेली. शिमला, दार्जिलिंग, उटी, माथेरान, या गाड्यांच्या शेवटी थंड हवा आहे, बंगले आहेत, साहेबाने निवडलेली जागा आहे. आमच्या गाडीच्या शेवटी दुसरं स्टेशन होतं आणि मधल्या प्रत्येक थांब्यावर कुणी तरी कामासाठी चढत होतं. काम करणाऱ्या गाडीला वेग लागतो. सहलीच्या गाडीला हळूपणच विकता येतं.

त्यामुळे लाईन रुंद केली म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही. गोंदिया-बालाघाटचं रुंदीकरण साधारण 2005-06च्या सुमारास झालं. 2015 साली नैनपूर-जबलपूर आणि नागपूर-छिंदवाडा रुंदीकरणासाठी बंद झाले, 2019 साली नागपूर-नागभीडही. आमच्या जबलपूरच्या मार्गावरचा मधला बालाघाट-नैनपूरचा तुकडा शेवटी झाला, कारण तो कान्हा आणि पेंच यांच्यामधल्या जंगलातून जातो. अडीच फुटी रुळाने त्या रानाला फारसं उघडं पाडलं नव्हतं. मोठ्या लाईनच्या गाड्या जोरात जातात आणि वाघ, गवे रूळ ओलांडणारच. एवढ्या एकाच बाबतीत जुन्या गाडीचा मंदपणा खरोखर उपयोगाचा होता असं मला वाटतं, बाकी आठवणीपुरता.

नागपूरला मोतीबागेत 2002च्या डिसेंबरात नॅरोगेजचं संग्रहालय उघडलं. मी ते पाहिलं आहे. इंजिनं रंगवलेली, पितळ चमकवलेलं. ज्याने केलं त्याचं कौतुक आहे. पण इंजिन जपणं सोपं, मार्ग जपणं अवघड. मोठं इंजिन आडवं झालं तर क्रेन येते. छोट्या लाईनवर रुळावरून उतरलेला डबा गडी पहारी लावून पुन्हा वर चढवायचे. ते गडी कुठल्या काचेच्या कपाटात ठेवणार?

मागच्या हिवाळ्यात लामत्याला गेलो तेव्हा मामाचा मुलगा घ्यायला आला होता. आता गोंदियाहून गाडी थेट जाते, जेवायच्या आत पोचलो. रात्री अंगणात शेकोटीशी बसल्यावर मी छोट्या गाडीच्या गोष्टी काढल्या. कोळशाची कणी, वाळू, बकरीसाठी थांबलेली गाडी. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तुम्ही सुट्टीत यायचे. आम्हाला दवाखान्याला बालाघाटला जायचं असलं तर सकाळची गाडी गाठायची, आणि ती आली तर आली." मग आत बायकोला हाक मारून त्याने विचारलं, उद्या परत जायच्या गाडीची वेळ मोबाइलवर पाहिली का. तिने पाहिली होती. चाळीस मिनिटं उशिराने होती.