फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक असेल

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला की डोळे न उघडता अंगठा स्क्रीनवर नेमका कुठे टेकवायचा, हे मला पाठ झालं होतं. भोंगा वाजायचा, मी 'बघतोय' असं कळवणारं बटण दाबायचो आणि कुशीवर वळायचो. बघायचो काहीच नाही, कारण बघण्यासारखं काही नसायचं. रोज रात्री दोनला दिवसभराचे रिपोर्ट तयार करणारा एक जॉब सुरू व्हायचा. दहा-पंधरा मिनिटं सर्व्हरचा सीपीयू नव्वद टक्क्यांवर जायचा आणि मग आपोआप खाली यायचा. सर्व्हर त्याचं काम करत होता, आणि त्याबद्दल आमच्या टीममधल्या कुणाला तरी रोज उठवलं जात होतं.

तो अलार्म मीच बनवला होता.

झालं असं, की मी या कंपनीत आलो तेव्हा सगळे अलार्म हाताने बनवलेले होते. कुणीतरी कधीतरी क्लाउडच्या वेबसाइटवर जाऊन, चार बटणं दाबून तयार केलेले. त्यातले निम्मे लोक नोकरी सोडून गेले होते. एखादा अलार्म ८० टक्क्यांवरच का वाजतो, ७० किंवा ९० वर का नाही, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. माझ्याकडे काम आलं, की हे सगळं कोडमध्ये आण.

यासाठी आम्ही टेराफॉर्म वापरतो. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वेबसाइटवर जाऊन बटणं दाबण्याऐवजी 'मला असा असा अलार्म हवा आहे' हे एका फाइलमध्ये लिहायचं, आणि टेराफॉर्म तो क्लाउडवर जाऊन तयार करतं. फाइल बदलली की अलार्म बदलतो. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. कल्पना चांगलीच आहे. त्यात 'फॉर ईच' नावाची एक सोय आहे. यादी द्या, आणि यादीतल्या प्रत्येकासाठी तीच गोष्ट पुन्हा बनवून घ्या. मी आमच्या ४० सर्व्हिसेसची यादी दिली, प्रत्येकीसाठी सहा अलार्म ठरवले, एंटर दाबलं. एका दुपारी २४० अलार्म. डेमोला टाळ्या पडल्या. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

त्या दुपारी माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. अलार्म बनवणं फुकट झालं होतं, पण त्याने जागं होणं फुकट झालं नव्हतं. पूर्वी एक अलार्म बनवायला दहा मिनिटं लागायची, म्हणून माणूस निदान दहा मिनिटं विचार करायचा. आता शून्य मिनिटं लागत होती, आणि विचारही तेवढाच होत होता.

दर पाच आठवड्यांनी माझी ऑन-कॉलची पाळी यायची. त्या आठवड्यात फोन उशाशी. तो रात्रभर भलत्याच गोष्टींनी वाजू नये म्हणून मी 'डू नॉट डिस्टर्ब' लावून ठेवायचो. त्यातून फक्त अलार्मचं ॲप सुटलेलं. बाकी सगळं बंद. कुणी लागोपाठ दोनदा फोन केला तर वाजू द्यायचा, हा पर्यायही बंद, कारण क्रेडिट कार्डवाले नेमके तसेच करतात. फॅमिली ग्रुप तर केव्हाच म्यूट केला होता. बाबा रोज सकाळी साडेसहाला त्यावर गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि एखादा सुविचार टाकतात. आईबाबांचे नंबर वगळावेत असं कधी सुचलं नाही. घरचे रात्री फोन करत नाहीत. फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक असेल.

मार्चमधल्या एका रात्री दोन-दहाला नेहमीचा सीपीयू वाजला. मी अंगठा टेकवला. तीन-चाळीसला पुन्हा भोंगा. डिस्क ८० टक्के. ती कित्येक महिने ८० च्या आसपासच होती. अंगठा टेकवला.

सकाळी पावणेसातला उठलो, तर आईचे नऊ मिस्ड कॉल. पहिला दोन-पंचवीसचा.

बाबा आता बरे आहेत, हे आधी सांगून टाकतो. कराडला रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. समोरच्या काकांनी गाडी काढली, हॉस्पिटलमध्ये नेलं, पहाटे अँजिओप्लास्टी झाली. सह्या आईने केल्या. मी फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झोपला असशील म्हटलं. दिवसभर काम असतं तुला. आता ये सावकाश, गाडी जोरात मारू नकोस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. कारण मी नीट झोपलेलो नव्हतोच. तीन-चाळीसला मी फोन हातात घेतला होता. त्याच स्क्रीनवर तोपर्यंत आईचे सहा मिस्ड कॉल होते. डोळे उघडले असते तर दिसले असते. डोळे उघडायची सवय मीच मोडून टाकली होती, २४० अलार्म बनवून.

आठवडाभराने कामावर परतलो आणि पहिल्यांदा ती फाइल लेखक म्हणून नाही, तर तिने उठवलेला माणूस म्हणून वाचली. मागच्या ३० दिवसांची नोंद काढली. फोन १८६ वेळा वाजला होता. त्यातल्या सात वेळा कुणीतरी खरंच उठून काहीतरी केलं होतं. उरलेल्या १७९ वेळा आम्ही पाच जण आळीपाळीने अंगठा टेकवत होतो.

हा काही आमचाच शोध नव्हे. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा सुरुवातीच्या काळातच नियंत्रण कक्षात शंभराहून जास्त अलार्म वाजू लागले. बिनमहत्त्वाचे गप्प करून महत्त्वाचे तेवढे ऐकण्याची सोय नव्हती. समोर माणसं होती, शिकलेली होती, जागी होती. पण सगळंच ओरडत असलं की कशाकडे बघायचं हे कळत नाही. आमच्याकडे अणुभट्टी नाही, एवढंच नशीब.

खरा धक्का मात्र पुढे होता. फाइल वाचता वाचता एका ओळीशी अडखळलो. आम्ही वापरतो त्या क्लाउडवॉचमध्ये प्रत्येक अलार्मला एक प्रश्न विचारलेला असतो: आकडा आलाच नाही तर काय समजायचं? उत्तरं चार. धोका समज, ठीक समज, आधी जी अवस्था होती तीच धरून चाल, किंवा 'माहिती अपुरी' असं म्हण. मी २४० च्या २४० ठिकाणी एकच उत्तर दिलं होतं: ठीक समज. का? तर रिकाम्या आकड्यांमुळे उगाच भोंगे वाजू नयेत म्हणून.

म्हणून एकेक अलार्म उघडून बघायला लागलो. डेटाबेसचा बॅकअप फसला की आमची स्क्रिप्ट '१' पाठवते आणि अलार्म वाजतो. पण स्क्रिप्ट सुरूच झाली नाही तर? मग ती काहीच पाठवत नाही. काहीच आलं नाही, म्हणजे ठीक. सर्व्हर बदलताना ती स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर चढवायची राहून गेली होती. नऊ दिवस बॅकअप झाला नव्हता आणि अलार्म नऊ दिवस हिरवागार होता. त्या नऊ दिवसांत काही बिघडलं नाही, यात आमचं कर्तृत्व शून्य.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचं असं बिघडलं होतं, आणि त्यांनी ते न लपवता जाहीर लिहिलं म्हणून जगाला माहीत आहे. एका इंजिनिअरच्या हातून मुख्य डेटाबेसमधला डेटा पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले, तर नेहमीचे बॅकअप गुपचूप फसत होते. फसल्याच्या सूचना ईमेलने जात होत्या, पण ईमेलच्या सेटिंगमुळे त्या परत फेटाळल्या जात होत्या. अलार्म वाजत होता, कुणापर्यंत पोचत नव्हता. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. मी हे पूर्वीही वाचलं होतं आणि 'बापरे' म्हणून पुढे सरकलो होतो. आता मात्र त्यातला तो न पोचणारा ईमेल मला आईच्या फोनसारखा दिसायला लागला.

मग मी जे केलं ते फार मोठं नाही. बॅकअपचा अलार्म उलटा केला. स्क्रिप्टने रोज 'झालं' म्हणून कळवायचं, आणि ते आलं नाही तर धोका समजायचा. सीपीयू आणि डिस्कचे बहुतेक अलार्म रात्रीच्या यादीतून काढले. ते आता सकाळी दहाला चॅटवर येतात, चहा पिता पिता बघता येतात. फोन वाजतो तो ग्राहकाचं काम अडलं तरच, आणि तेही आकडा सलग तीनदा, पंधरा मिनिटं बिघडलेला असेल तरच.

आणि अलार्म बनवणं मुद्दाम थोडं महाग केलं. आता आमच्या टेराफॉर्मच्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक अलार्मसाठी तीन गोष्टी लिहाव्याच लागतात. कुणाला उठवायचं. उठल्यावर त्याने पहिलं काय करायचं. आकडा आलाच नाही तर काय समजायचं. यातल्या एकाही गोष्टीला आधीपासून भरलेलं उत्तर ठेवलेलं नाही. जागा रिकामी सोडली तर टेराफॉर्म पुढेच जात नाही, चूक दाखवून थांबतं. आमच्या टीम लीडने रिव्ह्यूमध्ये विचारलं, "एवढं कशाला? लोक वैतागतील." मी लिहिलं, "दुपारी वैतागू देत." तिने मंजूर केलं.

२४० चे आता ३१ उरलेत. मागच्या पाळीत आठवडाभरात फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी डोळे उघडले.

डू नॉट डिस्टर्बमधून चार नंबर सोडलेत: आई, बाबा, ताई, समोरचे काका. फॅमिली ग्रुप अनम्यूट केलाय. बाबा हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा गुलाबाचं फूल आलं होतं. एरवी मी त्यावर हसलो असतो. त्या दिवशी कळलं, की ही माणसं इतकी वर्षं रोज न चुकता 'झालं' म्हणून कळवत होती, आणि ऐकणारा अलार्म मी म्यूट करून ठेवला होता.

परवा सात वाजले तरी फूल आलं नाही. मी फोन केला.

"अरे, नेट संपलंय," बाबा म्हणाले. "रिचार्ज मार जरा. आणि तू एवढ्या लवकर कसा उठलास?"