आईची हळद आणि तीन तासांची डीव्हीडी

मैत्रिणींनो, तुमच्या लग्नाची डीव्हीडी कुठे आहे हो? नाही, लगेच उठू नका. आधी माझी गोष्ट ऐका, मग उठा!

माझी होती लोखंडी कपाटात, शालूच्या घडीखाली. २००६ साली लग्न होऊन मी तिवशाला आले तेव्हा ती बरोबर आली. पहिल्या दिवाळीत सगळ्यांनी मिळून पाहिली आणि मग जी ठेवली ती ठेवलीच. तुमचंही असंच ना?

तिची आठवण झाली ती भाचीच्या हळदीमुळे. माझं माहेर कौंडण्यपूरच्या वाटेवर. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, त्यामुळे आमच्याकडे हळदीच्या गाण्यांत रुक्मिणी यायचीच. ती गाणी म्हणावीत माझ्या आईनं. पण गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. सगळं समजतं, ओळखते, पण शब्द फुटत नाही. भावाचा फोन आला, "ताई, हळद आहे न मायचा आवाज नाही वं!" मला एकदम आठवलं, माझ्या हळदीत आई गायली होती. ते चित्रीकरणात असणार!

कपाट उघडलं तशा सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, लगनाची कॅशेट पाह्याची हौस आली काय तुले?" त्यांच्या लेखी डीव्हीडीही कॅशेटच.

तबकडी चालू केली. बाकी लग्नावर स्टुडिओवाल्यानं सिनेमाची गाणी चढवलेली, खरा आवाज नावालाही नाही. हळदीचा भाग मात्र देवाच्या कृपेनं तसाच राहिला होता. आई गायला लागली आणि दुसऱ्याच मिनिटाला चित्र अडकलं. मी घाईघाईनं पदरानं गोल गोल पुसलं. ती माझी पहिली चूक. डीव्हीडी कधीही गोल पुसू नये. मऊ, स्वच्छ कापडानं मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसावं. गोल चरा माहितीच्या रेघेबरोबर धावतो आणि सलग मजकूर खातो. आडव्या चऱ्यातून यंत्र बहुधा निभावून नेतं.

दुसरी चूक म्हणजे उतावीळपणा. तबकडीतल्या फायली दिसल्या. त्यातली एक उचलून थेट चित्रफीत कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये टाकली. गाणं अर्ध्यावर तुटलं, आवाज एकीकडे न ओठ दुसरीकडे. असं का होतं, ते नंतर कळलं. डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचं एक खोकं असतं आणि त्यात चित्रपट 'व्हीओबी' नावाच्या तुकड्यांत भरलेला असतो. एक तुकडा साधारण एक जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून आपलं लग्न चार-पाच ठिकाणी मध्येच तोडलेलं असतं.

शिवाय आतली लिहिण्याची रीत आपल्या वाण्याच्या खात्यासारखी. पहिल्या ओळीत सगळं लिहायचं, पुढे नुसतं 'सदर, सदर'. आपल्याकडच्या डीव्हीडीत सेकंदाला पंचवीस चित्रं. पण पूर्ण चित्र अर्ध्या सेकंदात एखादंच, बाकीच्यांत फक्त काय बदललं तेवढं. पाहायला हे छान, जागा वाचते. पण मधूनच कापायला गेलं की 'सदर' म्हणजे काय, ते यंत्राला कळेना!

तेव्हा रीत अशी, लिहून घ्या.

आधी तबकडीतलं सगळं खोकं संगणकावर उतरवून घ्यावं. नव्या लॅपटॉपला डीव्हीडीचा खण नसतो; बाहेरून जोडायचा मिळतो. माझी तबकडी माझ्या खणात वाचेना, तेव्हा शेजारच्या वहिनींच्या जुन्या संगणकात घातली न काय, मुकाट्यानं उतरली! एकानं नकार दिला म्हणून धीर सोडू नये.

मग 'हँडब्रेक' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घ्यावा. त्यात ते अख्खं खोकं उघडावं, एकेक तुकडा नव्हे, म्हणजे सांधे आपोआप जुळतात. सगळ्यांत लांब भाग निवडावा आणि 'एमपी४' करावा. सेकंदाची चित्रं 'कॉन्स्टंट' ठेवावीत, नाहीतर पुढे आवाज पुन्हा सरकतो. गुणवत्तेचा आकडा २० च्या आसपास असावा. इथे आकडा लहान तितकं चित्र चांगलं. हलत्या हातांवर कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर 'डीइंटरलेस' चालू करावं. चित्र उगाच मोठं करू नये. पातळ वरणात पाणी घालून डाळ वाढत नाही. सिनेमाच्या विकतच्या डीव्हीडीला मात्र कुलूप असतं, तिच्या वाटेला जाऊ नये.

तीन तासांतून आईची चार मिनिटं निघाली. मध्ये एका ठिकाणी ती ओळ विसरते, मावशी हळूच आठवण देते, दोघी हसतात. ते कापून गाणं सलग करावं, असं ठरवलं होतं. कर्सर तिथे नेला, पण हात धजला नाही. तेवढाच तर तिचा बोलका आवाज होता. बाकी सगळं गाणं.

हळदीच्या दिवशी भावानं ते लावलं. आई खाटेवर बसली होती. आवाज ऐकून तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं, कोण गातंय म्हणून. मग ओळखलं. विसरण्याची जागा आली तशी ती हसली, मावशी तिथे जशी हसते अगदी तशी. आणि डावा हात चादरीवर ताल धरू लागला.

घरी भरलेल्या तबकडीवर रंगाचा थर असतो. तो वर्षं जातील तसा विटतो आणि आपल्या वऱ्हाडातलं ऊन त्याला सोसत नाही. म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. उतरवलेली प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मूळ तबकडीही टाकू नका.

चला, आता उठा. शालूची घडी मोडा. बघा तरी, तुमच्या हळदीत कोण गात होतं ते!