प्रोसेसरआधी बोर्ड

लॅमिंग्टन रोडवर गेमिंगचा पीसी जुळवायला येणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा प्रोसेसर विचारतं. मी बोर्ड विचारते. आज त्यावर काय बसतं ते कुणीही सांगेल; पाच वर्षांनी काय बसेल, हा खरा प्रश्न.

२०१७ च्या दिवाळीत बोनस हातात होता. लालबागची चाळीतली खोली, घरात पाच माणसं, आणि एकदा घेतलेली वस्तू दहा वर्षं चाललीच पाहिजे हा आईचा दंडक. प्रभादेवीहून ग्रँट रोड गाठायचं, दुकानं पालथी घालायची आणि दरपत्रकं घेऊन घरी यायचं, असं बरेच दिवस चाललं. त्या वर्षी एएमडीचे रायझन आले होते. इंटेलचे चार कोअरचे आय-फाइव्ह तेव्हा खेळांत सरसच होते. पण त्याच ऑक्टोबरात इंटेलची आठवी पिढी आली. सॉकेटचा आकडा तोच, ११५१, तरी तिला नवा बोर्ड लागत होता. एएमडीने मात्र एएम-४ सॉकेट २०२० पर्यंत चालवू असं जाहीर केलं होतं.

“ताई, गेमिंगला इंटेलच न्या,” दुकानातले काका सांगत होते.

“आजच्यापुरतं बरोबर आहे तुमचं, काका. पण मला परत बोर्ड घ्यायचा नाहीये.”

रायझन फाइव्ह १६०० घेतला, सोबत बी-३५० बोर्ड. सहा कोअर, बारा थ्रेड.

माझा जीव ‘सिटीज: स्कायलाइन्स’वर. शहर वसवायचं, रस्ते काढायचे, बसचे मार्ग आखायचे. परळ-लालबागचं ट्रॅफिक बघत वाढलेल्या माणसाला या खेळाचं वेड लागलं नाही तरच नवल. शहर लहान असतं तोवर सगळं सुरळीत. वस्ती वाढली की प्रत्येक गाडीची वाट शोधायचं काम प्रोसेसरवर येतं, आणि ग्राफिक्स कार्ड निम्मं रिकामं बसतं. ओळखायची खूण सोपी आहे: रिझोल्यूशन कमी करून बघायचं. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडलंय ते प्रोसेसरपाशी. नवं कार्ड घेऊन पैसे घालवू नयेत.

माझं अडलं होतं तिथेच. शिवाय विंडोज ११ च्या यादीत १६०० नव्हता, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. २०२४ मध्ये त्याच बोर्डावर रायझन सेव्हन ५७००एक्स३डी बसवला. तोपर्यंत एएमडीने जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ५००० मालिका खुली केली होती. बायॉस मात्र जुना प्रोसेसर काढायच्या आधी अपडेट करावं लागतं, आणि ते चालू असताना वीज जाता कामा नये. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, ती सकाळ डोक्यात होती. म्हणून शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला.

या प्रोसेसरची खरी ताकद गिगाहर्ट्झमध्ये नाही, कॅशमध्ये आहे. १६०० मध्ये एल-३ कॅश १६ एमबी, यात ९६. मिसळणाचा डबा ओट्यावरच असला की स्वयंपाक भरभर होतो, तसं. रॅमपर्यंतची खेप वाचते. माझ्या मोठ्या शहरातल्या बस पुन्हा धावू लागल्या, तेव्हा मी रात्रभर जागले.

उन्हाचा विचार आमच्या घरात करावाच लागतो. एसी नाही, आणि मे महिन्यात खोली रात्रीही तापलेली असते. या प्रोसेसरसोबत कूलर येत नाही आणि कागदावर तो १०५ वॉटचा आहे. म्हणून उंच टॉवर कूलर घेतला, कॅबिनेटला पुढून हवा मोकळी ठेवली. गणपतीत रस्त्यावरची धूळ एवढी येते की नंतर जाळ्या काढून धुवाव्या लागतात.

आता भाच्याला पीसी हवाय. “मावशी, ९८००एक्स३डीच घेऊ ना,” तो म्हणतो. प्रोसेसर उत्तम आहे, पण तेवढ्यात त्याचं अर्धं बजेट संपेल आणि कार्ड हलकं घ्यावं लागेल. ‘बजेट वाढवा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्यांच्या घरात पगार एकच आहे त्यांना हा सल्ला देणं मला पटत नाही. म्हणून त्याच्यासाठी एएम-५ चा चांगला बी-६५० बोर्ड आणि त्यावर ७६००: सहा कोअर, ६५ वॉट, कूलर खोक्यातच. एएम-५ ला एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ म्हटलंय. डीडीआर-५ रॅम लागते, तो खर्च टळत नाही. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये आठ कोअर आहेत आणि मोठे खेळ ते धरूनच बनतात, तेव्हा सहा कोअर त्याला कधीतरी कमी पडतील. तोवर आज महाग असलेला एक्स३डी उतरलेला असेल, आणि तो याच बोर्डावर बसेल.

एवढंच त्याला बजावलंय: ट्रे प्रोसेसर स्वस्त मिळतो म्हणून घ्यायचा नाही, खोकेबंदच घ्यायचा. आणि बिलावर बोर्ड, प्रोसेसर दोन्हींचे सीरियल नंबर दुकानातच लिहून घ्यायचे.