आधी वाट पाहा, मग इअरफोन घ्या



वाण चांगले की वाईट, हे जमीन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. भारी काळ्या जमिनीचे वाण माळावर पेरले, तर बियाण्याला दोष देऊन काय उपयोग? इअरफोनचेही तसेच आहे.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण हल्ली पीकपाण्याची बैठक उठली, की एखादा तरुण मागे रेंगाळतो आणि विचारतो, "साहेब, पळताना कानात घालायला कोणते घेऊ?" गावोगावची मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत आहेत. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. गावाला मैदान नसले, की सराव पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर चालतो. परवा अशाच रस्त्याने मोटारसायकलवर चाललो होतो. पुढे तिघे पळत होते. मी दोनदा हॉर्न वाजवला, एकानेच मागे पाहिले. बाकी दोघांच्या कानांत गाणे होते. माझ्या जागी उसाची ट्रॉली असती तर?

म्हणून दुकानात शिरण्यापूर्वी स्वतःला विचारा: हे मी कुठे वापरणार? कानाच्या भोकात रबरी टोपी घट्ट बसते, ते इअरफोन बाहेरचा आवाज अडवतात. घरात, अंगणात जोर-बैठका काढताना किंवा एस.टी.त बसल्यावर ते उत्तम. बाहेरचा गोंगाट कमी आला, की आवाज वाढवावा लागत नाही. मात्र टोपी आपल्या कानाच्या मापाची हवी. खोक्यात लहान-मोठ्या टोप्या मिळतात, त्या लावून पाहाव्यात.

रस्त्यावर पळायचे असेल, तर कान उघडा राहील असे घ्या. काही इअरफोन कानापुढच्या हाडावर टेकतात आणि हाडातून आवाज आत पोचवतात. त्यांत ढोलकीचा घुमारा कमी वाटतो, किंमतही जास्त पडते. ते परवडत नसतील, तर जवळचेच एका कानात घाला आणि दुसरा मोकळा ठेवा. शिवाय रस्त्याच्या उजव्या कडेने पळा, म्हणजे त्या बाजूची वाहने समोरून येताना दिसतात.

बियाण्याच्या पिशवीवरची खूणचिठ्ठी आपण वाचतो, तसे खोके वाचा. आयपी या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. आयपीएक्स४ म्हणजे सगळीकडून उडालेले पाणी सोसेल. घामाला तेवढे पुरते. एक्स म्हणजे धुळीचा आकडा दिलेला नाही. धुळीत वापरायचे, तर आयपी५५ बरे. घामात मीठ असते, त्याने चार्जिंगचे टोक गंजते. वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.

साधे वायरवालेही टाकाऊ नाहीत. बॅटरीची कटकट नाही, आणि ज्या मोबाइलमध्ये एफ.एम. रेडिओ असतो, त्यात ही वायरच एरियलचे काम करते. पण मळणी यंत्र किंवा कडबाकुट्टीजवळ लोंबती वायर गळ्यात नको. सैल पदर ओढला जातो, तशीच तीही ओढली जाते.

आता आवाजाचे. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तास, ही मोठ्यांसाठी मर्यादा सांगितली आहे. तोच आवाज ९० डेसिबल केला, तर आठवड्याला फक्त ४ तास. आपल्या आतल्या कानात केसांसारख्या तंतूंच्या बारीक पेशी असतात. त्या मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. त्यांची दुबार पेरणी नाही. हाडावरच्या इअरफोनचा आवाजही शेवटी त्याच पेशींवर पडतो. म्हणून ट्रॅक्टरच्या धडधडीवर मात करायला गाणे वाढवू नका. गाणे बंद केल्यावर कानात सूं-सूं राहिली, तर आवाज जास्त झाला असे समजा. ती थांबेना, तर डॉक्टरांना दाखवा.

रात्रपाळीची वीज आली, की आपण पाणी द्यायला जातो. तिथे मात्र दोन्ही कान उघडेच हवेत. गवतातली सळसळ आणि मोटरचा बदललेला आवाज वेळेवर ऐकू आला, तर जीव वाचतो आणि मोटरही वाचते.

घरात मुलगा-मुलगी इअरफोन वापरत असेल, तर आजच एक परीक्षा घ्या. त्यांनी नेहमीच्या आवाजात गाणे लावावे. तुम्ही हातभर अंतरावर, पाठीमागे उभे राहून साध्या आवाजात नावाने हाक मारा. ओ आली नाही, तर त्या इअरफोनने किंवा त्या आवाजाने त्यांना रस्त्यावर पाठवू नका.