लंडनबाहेरची छत्री

लेकरे विलायतेत नोकरीस लागली, की आईबापांच्या वाट्याला एकदा तरी लंडनची वारी येतेच. आमच्या वाट्याला ती मे महिन्याच्या सुटीत आली. जे पाहायचे म्हणून पाहिले जाते ते सारे आम्ही पहिल्या आठवड्यात पाहिले, आणि आठव्या दिवशी सौभाग्यवतींनी जाहीर केले की यापुढे एकही जिना चढणार नाही. तेव्हा चिरंजीवांनी तोडगा काढला. सकाळी न्याहारी करून निघावे, लंडनबाहेरचे एखादे गाव पाहावे आणि रात्रीच्या जेवणास घरी परतावे.

लंडनहून असा प्रवास करणे सोपे आहे. या शहराला मुख्य असे एक स्टेशन नाहीच. जुन्या रेल्वे कंपन्यांनी ज्याने त्याने आपल्या दिशेला आपले स्टेशन बांधले, ती सोय अजून चालू आहे. केंब्रिजला किंग्ज क्रॉसवरून जावे, विंडसरला वॉटर्लूवरून, ऑक्सफर्डला पॅडिंग्टनवरून आणि दक्षिणेकडील समुद्रकिनाऱ्यावर व्हिक्टोरियावरून. सकाळची कचेरीची गर्दी ओसरल्यावर, म्हणजे साधारण साडेनऊनंतर निघाले तर तिकीटही पुष्कळ स्वस्त पडते. हे तिकिटाचे गणित मला तिसऱ्या खेपेस समजले.

विंडसरचा किल्ला प्रथम पाहिला. अकराव्या शतकात विल्यम राजाने बांधावयास घेतलेला आणि आजही राजघराण्याच्या राहणीत असलेला. भव्य आहे, नीटनेटका आहे, आणि गर्दी फार आहे. आपल्याकडील पडके बुरूज पाहून ज्यांचे डोळे घडले त्यांना इतका झाडूनपुसून ठेवलेला किल्ला किल्ल्यासारखा वाटत नाही, एवढेच म्हणतो.

केंब्रिजला मात्र मी हट्टाने गेलो. ‘रँग्लर’ हा शब्द मराठी घराघरांत पोचला तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे. दापोलीकडील मुर्डी गावाचा हा मुलगा, महर्षी कर्व्यांचा आप्त, सेंट जॉन्स कॉलेजात शिकून १८९९ साली गणिताच्या परीक्षेत एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिला आला. हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी विद्यार्थी. गुणानुक्रमाने नावे वाचून दाखविण्याचा सोहळा त्या काळी सेनेट हाउसमध्ये होत असे. ती क्रमवारीची चाल १९०९ पर्यंत टिकली. किंग्ज कॉलेजचे चॅपेल पाहण्यास जगभरचे लोक येतात, आणि ते आहेही तसेच, पण मी त्याच्या शेजारच्या सेनेट हाउससमोर कुंपणाबाहेर बराच वेळ उभा होतो. कोकणातल्या मुलाचे नाव त्या दालनात पहिले उच्चारले गेले तेव्हा ते उच्चारणाऱ्याची जीभ कशी वळली असेल, हा माझा जुना कुतूहलाचा विषय आहे. जयंत नारळीकरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘चार नगरांतले माझे विश्व’ असे नाव दिले, त्या चार नगरांपैकी हे एक. शिक्षकाने तेथे एक दिवस नव्हे, दोन दिवस घालवावेत.

आता ब्रायटन. लंडनच्या दक्षिणेस रेल्वेने तासाभरावर असलेले हे समुद्रकाठचे गाव हवा खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. चिरंजीवांच्या मनात समुद्र होता. माझ्या मनात निराळेच काही होते, आणि ते मी गाडीत बसेपर्यंत बोललो नव्हतो.

आमच्या बेळगावकडच्या घरात तळहाताहून मोठा, वाटोळा असा काशाचा एक बिल्ला होता. त्यावर सिंह, हाती त्रिशूळ घेतलेली एक बाई आणि रोमन अक्षरांत काही मजकूर. आजी तो लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवीत असे. पाचवीत इंग्रजी अक्षरे शिकलो तेव्हा मी तो मजकूर लावून वाचला, आणि त्यातले नाव ऐकताच आजोबा जागेवरून उठले. ते नाव त्यांच्या थोरल्या भावाचे होते. भाऊ पलटणीत गेला, पहिल्या महायुद्धावर गेला आणि परत आला नाही. कोठे गेला, असे विचारले की आजोबा म्हणत, “विलायतेला.” पुढे मी वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की मराठा पलटणी बहुतेक मेसापोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. तीन मराठा पलटणी तर कुतच्या वेढ्यात अडकून १९१६ च्या एप्रिलमध्ये तुर्कांच्या हाती लागल्या. पण आजोबांच्या लेखी समुद्रापलीकडे जे जे काही ते सारे विलायतच होते.

ब्रायटनला मात्र हिंदी शिपाई खरोखरच आले होते. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्यांना १९१४ च्या डिसेंबरपासून येथे आणू लागले. गावाच्या मध्यभागी रॉयल पॅव्हिलियन नावाचा एक चमत्कारिक राजवाडा आहे. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या राजपुत्रासाठी जॉन नॅश या वास्तुशास्त्रज्ञाने १८१५ ते १८२२ या काळात त्याला हे रूप दिले. बाहेरून मोगली घुमट, आत चिनी सजावट! नबाबाच्या स्वप्नात इंग्रज शिरावा तसे ते दिसते. याच वाड्यात इस्पितळ थाटले गेले. झुंबरांखाली खाटा लागल्या. हिंदू व मुसलमान यांच्या पाण्याचे नळ वेगळे, आणि निरनिराळ्या जातीधर्मांसाठी नऊ स्वयंपाकघरे. हा बडेजाव काही केवळ दयेपोटी नव्हता. राजवाड्यात निजलेल्या शिपायांची छायाचित्रे हिंदुस्थानात पोचावीत, असा सरकारचा स्पष्ट हेतू होता. गावातल्याच किचनेर इस्पितळात दुसरी बाजू दिसते. तेथील गोडबोले आडनावाच्या सब-असिस्टंट सर्जनने पुण्याच्या मित्राला कळविले होते की येथे काटेरी तारा आहेत, दारोदार पहारा आहे आणि आम्हांला कैद्यासारखे वागविले जाते. टपाल तपासणाऱ्यांनी अशा पत्रांची भाषांतरे करून ठेवली, म्हणून ती आज वाचावयास मिळतात.

या इस्पितळांत जे मरण पावले त्यांतील मुसलमानांचे दफन वोकिंगला झाले. हिंदू आणि शीख मिळून त्रेपन्न जणांचे दहन गावाबाहेरच्या टेकड्यांवर, पॅचम गावाच्या वर, उघड्या माळावर झाले आणि रक्षा समुद्रात सोडली गेली. त्या जागी १९२१ च्या फेब्रुवारीत उभारलेले स्मारक म्हणजे ‘छत्री’. इंग्रजही तिला छत्रीच म्हणतात. ग्वाल्हेर, इंदूरच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

छत्रीपर्यंत मोटार जात नाही. बसने पॅचमला उतरावे, मोठ्या हमरस्त्यावरील पूल ओलांडावा आणि कुरणांतून चढत जावे. दोन्ही बाजूंना मेंढ्या, वाऱ्याला आडोसा नाही, आणि पायवाटेवर आदल्या रात्रीच्या पावसाचा चिखल. “बाबा, खाली एवढा समुद्र सोडून ही टेकडी कशाला?” असे चिरंजीव एकदा म्हणाले. त्याच्या आईने गुडघ्यावर हात ठेवून नुसते माझ्याकडे पाहिले. मग एका फाटकाच्या कठड्याशी थांबून मी त्याला बिल्ल्याची गोष्ट सांगितली. सत्तावीस वर्षांचा मुलगा, आणि ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. दोष अर्थातच त्याचा नव्हता.

टेकडीच्या उतारावर पांढऱ्या संगमरवराची आठ खांबी छत्री एकदम समोर येते. मुंबईच्या ई. सी. हेन्रीक्स या तरुण वास्तुशास्त्रज्ञाने तिची आखणी केली. दगड इटलीतील सिसिलीचा. पुढ्यात ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा आहेत, त्यांच्याखाली चितेचे चौथरे. इंग्रजीबरोबर हिंदीतही लेख कोरला आहे. दुसऱ्या महायुद्धात या टेकड्यांवर सराव करणाऱ्या सैनिकांनी छत्रीवरच गोळ्या झाडल्या होत्या. ते घाव नंतर बुजवावे लागले. दरवर्षी जूनमध्ये येथे मानवंदनेचा समारंभ होतो.

दहन झालेल्यांची नावे मात्र येथे फार उशिरा आली. २०१० साली शेजारी एक वेगळी शिळा उभारून ती सर्व त्रेपन्न नावे तीवर कोरण्यात आली. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. वर्गात हजेरी घेण्याची सवय असल्यामुळे असेल, ओठ हलत होते. आमच्या चुलत आजोबांचे नाव त्यात असणार नव्हतेच, आणि नव्हतेही. पण इराकात बसऱ्याला जे मोठे स्मारक आहे त्यावर इंग्रजांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. प्रत्येक पलटणीच्या नावापुढे मेलेल्या शिपायांचा केवळ आकडा आहे. तेव्हा दगडावर त्यांचे नाव वाचण्याची संधी मला कोठेच मिळणार नव्हती.

सौभाग्यवतींनी गवतातली चार पांढरी रानफुले तोडून मधल्या शिळेवर ठेवली. सूनबाईंनी बांधून दिलेली धपाटी आम्ही तेथून जरा दूर, वाऱ्याकडे पाठ करून खाल्ली. चिरंजीव परत एकदा नावांपाशी जाऊन आले. येऊन म्हणाले, “बिल्ल्यावरचं नाव नेमकं काय होतं?” मी सांगितले. त्यांनी ते फोनवर उतरवून घेतले आणि अक्षरे बरोबर आहेत ना, हे मला दाखवून विचारले. बिल्ला आता कोठे आहे, हेही विचारले. तो माझ्या टेबलावर आहे, बरणी केव्हाच फुटली.

उतरताना पावसाने गाठले. समुद्रावर पोचेपर्यंत सहा वाजले होते. ब्रायटनला वाळू नाही, सगळे गोटे, त्यावरून चालणे सौभाग्यवतींना जमेना, म्हणून त्या वर कठड्यावर बसल्या. आम्ही दोघे पाण्यापर्यंत गेलो. परतीची सातची गाडी आमची चुकली.