कुत्र्यावर आळ

पैनगंगेच्या पलीकडे टिपेश्वरचं अभयारण्य आहे. तिथला एखादा वाघ नदी ओलांडून आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात आला, की दोन दिवस सगळ्यांच्या मोबाईलवर तीच बातमी फिरते. आजीच्या कोंबड्या मारणारा प्राणी मात्र हातभर लांबीचा होता आणि त्याच्यावरून दोन शेजारी घरांचं कायमचं बिनसणार होतं.

गेल्या दिवाळीत आम्ही बेला मंडलातल्या आजोळी गेलो होतो. आजीकडे नऊ कोंबड्या होत्या, मामाने आणलेल्या वनराजा जातीच्या. ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसात पाळण्यासाठीच तयार केली आहे. अंड्यांचे पैसे आजीचे. त्यातून ती नातवंडांना ओवाळणी घालते, स्वतःच्या गोळ्या आणते. कोणापुढे हात पसरत नाही.

पाडव्याच्या सकाळी मामीने खुराडं उघडलं तर दोन कोंबड्या मेलेल्या. मामाने त्या उकिरड्यावर टाकल्या. दुपारी शेजारच्या अक्कांचा कुत्रा तोंडात कोंबडी धरून पळताना मामीला दिसला. झालं! हा कुत्रा पूर्वीही कोंबड्यांच्या मागे लागायचा. शिवाय बांधावरून जुनी कुरबुर होतीच. मामा म्हणाला, "कापसाच्या फवारणीचं औषध पडलंच आहे घरात. भाकरीला लावून टाकतो." अक्कांचा सहा-सात वर्षांचा नातू त्याच कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळतो, हे आम्ही सगळेच रोज पाहत होतो.

आजी म्हणाली, "उद्यापर्यंत थांब. आधी मला पाहू दे."

ती उकिरड्यावर गेली. उरलेली कोंबडी काठीने उलटीपालटी करून पाहिली. मानेवर आणि डोक्याजवळ बारीक दातांच्या खुणा होत्या, अंग जवळजवळ शाबूत होतं. मग ती खुराड्याकडे वळली. दाराची कडी जागेवर होती, अंगणात पिसं पडलेली नव्हती. तिने मामीला विचारलं, "कोंबड्या केव्हा ओरडल्या?"

मामी म्हणाली, "उजाडल्यावर. मला वाटलं बाहेर सोडा म्हणतात. अंघोळीच्या गडबडीत उशीर झाला."

"कुत्र्याला कडी काढून परत लावता येते का?" आजीने मामाकडे पाहिलं. मामा काही बोलला नाही.

खुराड्याच्या मागच्या बाजूला पावसाने मातीची भिंत झिजून मूठभर भोक पडलं होतं. बाजूलाच जळणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग. त्या रात्री कोंबड्या घरात डालग्याखाली ठेवल्या. आजीने भोकापुढे चुलीतली राख चाळून पसरली. सकाळी राखेत लहान लहान पावलं उमटली होती. पुढे नखांचे ठिपके, आणि बोटं पाच. आम्ही पाहत असतानाच पऱ्हाट्यांतून राखाडी, झुपकेदार शेपटीचं मुंगूस निघालं आणि कुंपणाखालून सटकलं.

"दिवाळीत मुंगूस दिसणं शुभ असतं म्हणे," मामी कपाळावर हात मारत म्हणाली, आणि सगळे हसले.

कुत्र्याने उकिरड्यावरची मेलेली कोंबडी उचलली होती, एवढंच. मारलं कोणी आणि खाल्लं कोणी, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. आपण खाताना दिसेल त्याला धरतो.

तुमच्यापैकी कोणाच्या आजोळी कोंबड्या असतील तर आजीने मला सांगितलेल्या खुणा ध्यानात ठेवा. मुंगूस दिवसा फिरतं. खुराड्यात शिरलं आणि कोंबड्या फडफडायला लागल्या, की एकीवर थांबत नाही. रानमांजर बहुधा अंधारात येतं, एक कोंबडी उचलतं आणि निघून जातं. मागे पिसांची ओळ राहते. त्याच्या पावलात चार बोटं असतात, पण नखं उमटत नाहीत, कारण ती आत ओढलेली असतात. कुत्र्याची आणि कोल्ह्याचीही चारच बोटं, पण नखांसकट. कुत्रा अनेक कोंबड्या फाडून तिथेच टाकतो, कोल्हा अख्खी कोंबडी घेऊन जातो. उदमांजर रात्रीचं येतं, भिंत-झाड सहज चढतं. त्याचीही बोटं पाच, म्हणून वेळ विचारायची. अंडी टरफलासकट गायब झाली तर साप किंवा घोरपड असू शकते. पिलू मेलेलं आणि त्याचं डोकं लाळेने ओलं असेल तर सापाला ते गिळता आलेलं नाही. भर दिवसा अंगणातलं पिलू गेलं तर वर पाहायचं, घार, शिक्रा किंवा कावळा. खुराड्याजवळ बीळ आणि उकरलेली माती दिसली तर घूस. एका खुणेवर भरवसा ठेवायचा नाही. पाऊल, जखम, वेळ आणि वाट, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

विषाने यातलं काहीच सुटलं नसतं. भाकरी कुत्र्याने खाल्ली असती, कदाचित मांजराने आणि घारीनेही, आणि मुंगूस तिसऱ्या दिवशी पुन्हा आलं असतं. मुंगसाला मारणंही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय तेच मुंगूस परसातले उंदीर आणि साप खातं.

मामाने त्याच दिवशी भोक दगड-मातीने बुजवलं. पऱ्हाट्यांचा ढीग दूर नेला. खिडकीला बारीक जाळी हवी होती. ती अक्कांच्या मुलाकडे उरलेली होती. तो ती घेऊन आला आणि तेलुगूत मामाला सूचना करत स्वतःच ठोकून गेला. कुत्रा दारात बसून पाहत होता. विषाची गोष्ट त्याच्यापुढे कोणी काढली नाही.

संध्याकाळी मामीने अक्कांकडे फराळाचं ताट पाठवलं. दरवर्षीपेक्षा त्यात दोन करंज्या जास्त होत्या.

आता आजी फोनवर आधी कोंबड्यांचा हिशेब देते, मग तब्येतीचा. सातच्या सातही शाबूत आहेत, आणि एक खुडूक बसली आहे.