मार किती दाखवायचा?

प्रिय लीना,

उपवासकाळात युवक मंडळाला ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ दाखवायचं तुमच्या मनात आहे आणि आठवी-नववीची मुलंही येणार आहेत, म्हणून तू मला विचारलंस. मुलांना दाखवू नकोस, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेतसुद्धा 2004 साली तो ‘आर’ प्रमाणपत्रानेच लागला होता.

सिनेमा टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. फटक्यांचा प्रसंग आठव. आधी छड्या. येशू कोसळतो आणि पुन्हा उभा राहतो, तेव्हा शिपाई चिडून आकडे लावलेले चाबूक उचलतात. त्यातला एक जण चाबूक आधी लाकडी मेजावर मारून बघतो आणि आकडे लाकडात रुततात. त्या क्षणी पुढचं सगळं कळून चुकतं. मेल गिब्सनने तिथेच कॅमेरा वळवला असता तरी चाललं असतं, पण तो वळवत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात हे फटके एका ओळीत उरकतात. तेव्हाच्या वाचकांना रोमी चाबूक समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्याला आहे, कारण आपण सोन्याचा क्रूस गळ्यात घालून लग्नाला जातो. गिब्सनच्या बाजूने एवढं मान्य करायलाच हवं.

पण मार लांबत गेला की बघणारा येशूसोबत उरत नाही. अंग आखडून तो नुसता हे संपायची वाट बघतो. शिवाय एवढं सोसलेल्या प्रेक्षकाला राग काढायला कुणीतरी लागतं, आणि पडद्यावर महायाजक कयफा आणि त्याचा जमाव समोरच उभा असतो. याचं रक्त आमच्यावर असो, या ओळीचं भाषांतर गिब्सनला उपशीर्षकातून काढावं लागलं. अरामी आवाज तसाच राहिला. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकता येणार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्येच सांगितलंय. मोठ्यांना सिनेमा दाखवलास, तर हे आधी सांग, नंतर नको.

माझ्या लेखी त्यातला खरा प्रसंग फटक्यांचा नाहीच. क्रूस वाहताना येशू पडतो, मारियेला लहानपणी धडपडलेला पोरगा आठवतो आणि ती धावत सुटते. तिथे रक्त नावालाच आहे, तरी डोळे भरून येतात.

मला विचारशील तर मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘सायलेन्स’ दाखव. शुसाकु एंडोच्या 1966 च्या कादंबरीवरचा हा सिनेमा 2016 मध्ये आला. सतराव्या शतकातला जपान, ख्रिस्ती धर्मावर बंदी. माणसांना खड्ड्यावर उलटं टांगायचं आणि लगेच मरू नयेत म्हणून कानामागे बारीकशी चीर द्यायची. इथे छळ आधी ऐकू येतो. कोठडीतल्या फादर रॉड्रिग्जला वाटतं, बाहेर पहारेकरी घोरतोय. तो वैतागतो. मग कळतं, ते घोरणं नाही, टांगलेल्यांचं कण्हणं आहे. त्यांनी तर धर्म कधीच सोडलाय. आता फादरने ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवला तरच त्यांची सुटका. गिब्सन आपल्याला फक्त सोसायला लावतो, स्कॉर्सेसी उत्तर मागतो.

आणि ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी त्याच जपानमध्ये, नागासाकीला क्रुसावर गेला. त्याचा सण आपण थाटात करतो, करावाच. पण ज्यांनी प्रतिमेवर पाय ठेवला आणि उरलेलं आयुष्य ते ओझं वाहिलं, त्यांच्याबद्दल आपल्या प्रवचनांत मी फारसं काही ऐकलेलं नाही. पोरांना तेच बोलायला लाव. ‘तू काय केलं असतंस?’ एवढं एकच विचार आणि गप्प बस. आपल्या फादरनाही जरा वेळ गप्प बसायला सांग, कठीण आहे ते.

अठरा वर्षांखालच्यांना हाही नको. त्यांच्यासाठी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना पुरे. ‘सायलेन्स’ दोन तास एकेचाळीस मिनिटांचा आहे. संध्याकाळी सहाला सुरू केलात तरच चर्चेला वेळ उरेल.

तुझा,
मामा